कुंकवाच्या डबीतले फ्यूज

आमच्या वाडीतून बाहेर पडायला एकच गाडी आहे, ती सहदेव भावोजींची जीप. भावोजी म्हणजे आमच्या ह्यांचे चुलत भाऊ. हे मुंबईला असतात, तेव्हा सिलिंडर आणायचा असो की सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं असो, मी भावोजींच्या अंगणात जाऊन उभी राहते. वाडीतली सगळीच राहतात. ते आधी कुरकुरतात, "माझी काय यष्टी हाय?" असं विचारतात, आणि विचारता विचारताच किल्ली घेऊन बाहेर येतात. नाही म्हणणं त्या माणसाला जमतच नाही.

जीप त्यांनी जुनीच घेतली. आधी ती लोटे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पाळीच्या कामगारांची ने-आण करायची. मागे समोरासमोर दोन लांब बाकं आहेत. भावोजी रोज सकाळी सुनंदाच्या फाटक्या लुगड्याने काच पुसतात, स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावतात आणि म्हणतात, "चल गो आये." मगच चावी फिरवतात. ही 'आये' म्हणजे आमची ग्रामदेवी जाखमाता की ती जीप, ते मला अजून कळलेलं नाही.

सुनंदा त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला रत्नागिरीला डायलिसिसला न्यावं लागतं. जाताना ती बसून जाते, येताना तिला बसवत नाही. बाकावर गोधडी घालून आडवी करून आणावी लागते, म्हणून एसटीचा उपयोग नाही. सोबत बाईमाणूस हवं म्हणून मी जाते. तिच्या डाव्या हाताची शीर डॉक्टरांनी शिवून मोठी केली आहे. तिच्यावर बोट ठेवलं तर आत मांजर घुरघुरल्यासारखं लागतं. "ऐकलंस अक्का? अजून चालू हाय," असं म्हणून ती हसते, जणू आत इंजिन आहे.

माघात एका मंगळवारी अंजणारी घाटात जीप गप्प झाली. गचके नाहीत, धूर नाही. हॉर्न नाही, दिवा नाही, काही नाही. भावोजींनी बॉनेट उघडलं, बॅटरी हलवून बघितली, देवीचं नाव घेतलं. लांज्याहून विनीत वायरमनला फोन करून बोलावला. तो आला तोवर तासावर तास गेले. रत्नागिरीला पोचलो तेव्हा सुनंदाचं मशीन पुढच्या पेशंटला दिलेलं होतं. सिस्टर वाईट नव्हती. ती म्हणाली, "मी तरी काय करू मावशी, त्यांनाही घरी जायचंय." मधे थोडी जागा झाली तेवढ्यात सुनंदाला लावलं, पण वेळेआधी काढलं. त्या आठवड्यात तिच्या पायांवर सूज तशीच राहिली. बोट दाबलं की खड्डा पडायचा, तो भरून यायला वेळ लागायचा.

जीप का थांबली ते विनीतने घाटातच दाखवलं होतं. बॅटरीतून जी जाड वायर निघते तिच्यात मधे वीतभर वेगळ्या वायरीचा तुकडा असतो, त्याला तो लिंक म्हणत होता. कुठे वायर वायरीला लागली आणि गाडी पेटायची वेळ आली, तर हा तुकडा आधी आतल्या आत वितळतो. वरचं रबर तसंच दिसतं, पण चिमटीत धरलं की मऊ लागतं, आत काही नसल्यासारखं.

"हा तुकडा आता मिळत नाय काका," विनीत म्हणाला. "कंपनीने बनवायचा बंद केलान. ह्याच्या जागी फ्यूज टाकूया. पात्याचा, सगळ्या गाड्यांना असतो तो. गेला की दिसतो, बदलला की गाडी चालू. तुम्ही स्वतः बदलाल."

"मी?" भावोजी म्हणाले. "मला घरचा बल्ब बदलायचा तरी ही शिडी धरते."

"मग काकी धरतील शिडी," विनीत म्हणाला, आणि सुनंदा मागे बाकावर बसल्या बसल्या हसली.

त्याने तो तुकडा कापून काढला आणि त्या जागी झाकणाची काळी डबी बसवली. आत एक पिवळा फ्यूज. जास्तीचे मूठभर दिले. ते ठेवायला काही नव्हतं, तर सुनंदाने पिशवीतली तिची कुंकवाची स्टीलची डबी रिकामी करून दिली. कुंकू कागदाच्या पुडीत बांधलं.

त्या शुक्रवारी गावच्या मोरीजवळच फ्यूज गेला. भावोजींनी बदलला. लांजा सोडल्यावर परत गेला. बदलला. पालीच्या पुढे परत. दर वेळी भावोजी उतरायचे, बॉनेट उघडायचे, सुनंदा खिडकीतून डबी पुढे करायची. तिसऱ्या वेळेला ती म्हणाली, "लग्नात एवढं कुंकू लावलं नव्हतंत मला." त्यांनी जळलेला फ्यूज खिशात टाकला आणि झाकण दाबून बसवलं. मी पदराआड जप करत होते. खड्डा आला की माझा मणी चुकायचा.

विनीतने मग मोठा फ्यूज टाकला. दोन फेऱ्या बऱ्या गेल्या, तिसऱ्या फेरीला तोही गेला. तेव्हा तो जीप दुकानापुढे घेऊन तिच्याखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. सुनंदा बाकावर, मी पायरीवर, भावोजी उभे. विनीत बाहेर आला तो कपाळाला ग्रीस लावून.

"काका, मेन वायरीला ही दुसरी कसली वायर जोडल्यात? लाल. फरशीखालून मागे गेलीय, बाकाच्या खाली टोक गुंडाळून ठेवलंय."

भावोजी वाकून बाकाखाली बघायला लागले. सुनंदाच म्हणाली, "ती देवीची."

ती वायर वाडीत सगळ्यांना माहीत आहे. शिमग्यात देवीची पालखी घरोघरी जाते, तेव्हा पुढे भावोजींची जीप असते. जीपवर स्पीकर आणि दोन मोठे दिवे. एका वर्षी पालखी सहाणेवर, म्हणजे देवळापुढच्या तिच्या चौथऱ्यावर, चढत असतानाच तात्पुरती जोडलेली वायर निसटली आणि दिवे गेले. कोणीतरी ठेचकाळलं, पालखी कलली. पडली नाही, पण गाव घाबरला. मग गावकर अभयदादांनी, गावचा पहिला मान त्यांच्या घराला आहे, कायमची वायर टाकून घेतली. गुरवाने तिला अंगारा लावला, नारळ दिला आणि सगळ्यांसमोर गाऱ्हाणं घातलं, "आये, तुझ्या उजेडाची ही वायर जोडलेली ती जोडलेलीच राहू दे, कोणाचा हात तिला लागू नको." आम्ही सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हटलं होतं. पुढे फरशीचा पत्रा सडला तेव्हा भावोजींनी वर नवा पत्रा वेल्डिंग करून घेतला. वायर आतच राहिली.

"त्या पत्र्याखाली तिचं रबर गेलंय," विनीत म्हणाला. "खड्ड्यात जीप आदळली की उघडी तार चॅसीला लागते आणि फ्यूज जातो. फ्यूजचा काय दोष नाय, तो त्याचं काम करतो. वायर कापतो, टंटा मिटला." त्याने पक्कड हातात घेतलीही.

भावोजींनी वायरीवर तळहात ठेवला. "नको."

"काका, देवीला अंधारात दिसत नाय काय? तिला कशाला दिवे लागतात?"

"तिला नाय लागत. आम्हाला लागतात. हात काढ."

विनीतने माझ्याकडे बघितलं. तुम्ही तरी सांगा, असं. मला वाटलं होतं मी सांगेन. पण त्या गाऱ्हाण्याला मीही होय म्हटलं होतं, आणि ज्या देवीजवळ मी रोज सुनंदाला मागते तिच्याच वायरीवर पक्कड चालवा असं तोंडातून निघेना. सुनंदा गोधडीवरून म्हणाली, "कापू नको रे बाबा. उद्या माझं काय बरंवाईट झालं तर लोक वायरीचं नाव घेतील. मग ह्यांना गावात तोंड दाखवायला नको."

म्हणून आम्ही देवळात गेलो. आमच्याकडे अडलं की देवीला कौल लावतात. गुरवाने दगडी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना पाण्याने फुलांचे कळे चिकटवले. उजवा पडला तर वायर काढायची, डावा पडला तर राहू द्यायची. आम्ही बसलो. गुरवाने दोनदा गाऱ्हाणं घातलं. उन्हं गाभाऱ्याच्या उंबऱ्यावरून सरकली. कळ्यांवरचं पाणी सुकलं तरी ते तसेच चिकटून राहिले. एकही पडला नाही.

अभयदादा गावकर शाळेतून निवृत्त झालेले, सावकाश बोलणारे. ते म्हणाले, "देवी काय बोलत नाय म्हणजे थांब म्हणते. शिमगा तोंडावर आलाय सहदेव. पालखी होऊन जाऊ दे, मग परत विचारू."

"दादा, तोवर हिला मंगळवार-शुक्रवार हाय."

"मला समजत नाय काय रे? पण मी एकटा कोण सांगणारा?"

ते खोटं बोलत नव्हते. ते एकटे कोणी नव्हते. भावोजीही एकटे कोणी नव्हते, मीही नव्हते. देवळातून उतरताना भावोजी मला म्हणाले, "वयनी, डावा जरी पडला असता तरी बरं झालं असतं. निदान रागवता आलं असतं."

मग भावोजी फ्यूज बदलायला शिकले. उजाडण्याआधी कधी निघायचे नाहीत ते पहाटेच निघायला लागले, म्हणजे वाटेत थांबायला वेळ मिळावा. कुठल्या खड्ड्यात फ्यूज जातो ते त्यांना पाठ झालं. तिथे ते जीप पायी चालणाऱ्या माणसासारखी चालवायचे आणि मागून ट्रकवाले शिव्या घालायचे. सुनंदा डबी मांडीवर उजव्या हाताने धरून बसायची, डाव्या हाताने तिला काही धरायचं नसतं.

फाल्गुन लागला. काजूंच्या मोहोराच्या वासाने घाट भरून गेला होता. त्या मंगळवारी हातखंब्याच्या अलीकडे, रस्त्याचं काम चाललंय तिथे, डबी रिकामी झाली. भावोजींनी ती उलटी करून तळहातावर आपटली. तळाशी राहिलेलं थोडं कुंकू पडलं. एक ट्रकवाला थांबला, भला माणूस होता. त्याने कुठल्याशा वायरीतून तांब्याच्या तारा सोलून काढल्या, पिळल्या आणि फ्यूजच्या जागी अडकवल्या. "आता जळतच नाय," म्हणाला. भावोजींनी माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि बसले.

गाडी खरंच थांबली नाही. खड्डे गेले, आदळली, तरी चालत राहिली. मी देवीला हात जोडले. थोड्याच वेळात सुनंदा म्हणाली, "अक्का, माझे पाय गरम का लागतात गो?" मी वाकून पत्र्याला हात लावला आणि तो तसाच मागे घेतला. बाकाखालून रबर जळल्याचा वास आला, मग धूर. मी ओरडले असेन. भावोजींनी जीप कडेला घातली, उडी मारून बॅटरीची वायर हाताने उपटली. मी सुनंदाला काखेत धरून खाली उतरवली. तिची एक चप्पल आत राहिली.

आग लागली नाही. एवढंच. भावोजी रस्त्यावर उकिडवे बसले, पोळलेला हात मांडीवर घेऊन. "तो तुकडा होता तेव्हा तो स्वतः जळायचा," ते म्हणाले. "मी आता हिला जाळली असती."

आंब्याच्या रिकाम्या पेट्या नेणाऱ्या टेंपोत ड्रायव्हरशेजारी बसून आम्ही दोघी रत्नागिरीला गेलो. मशीन गेलेलं होतं. संध्याकाळच्या पाळीला लावतील म्हणाले, म्हणून भिंतीला टेकून बसलो. सुनंदाला धाप लागत होती. ती म्हणाली, "डॉक्टरांना ह्यांचा हात बघायला सांग." भावोजी मागून आले तर त्यांनी हात दाखवला नाही. मोठ्या डॉक्टरांनी मात्र त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की आता दोन वेळा पुरत नाही, आठवड्याला तीन वेळा आणावं लागेल. भावोजी मान हलवत राहिले. सांगून संपलं तरी हलवत राहिले.

विनीत जीप ओढून लांज्याला घेऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी मीही भावोजींबरोबर गेले, त्यांना एका हाताने काही करता येत नव्हतं. विनीतने ह्या वेळी थट्टा केली नाही.

"काका, मी कापत नाय. ऐका. ही वायर मेन फ्यूजच्या पुढे जोडलेली हाय, म्हणून तिचं बिघडलं की सगळ्या गाडीचं बिघडतं. मी तिला नुसता तिचा वेगळा फ्यूज देतो, बॅटरीजवळच. तिची तार लागली तर तिचा फ्यूज जाईल, गाडी चालू राहील. जोडलेली ती जोडलेलीच. पहिल्याच दिवशी मला हे सुचायला हवं होतं."

"नट काढावा लागेल?"

"क्षणभर."

भावोजींनी चपला काढल्या. दुकानापुढच्या ऑइल सांडलेल्या मातीत अनवाणी उभे राहिले, डोळे मिटले आणि पुटपुटले, "आये, क्षणभर हां." विनीतने नट सोडला, वायर नव्या काळ्या डबीत घेतली, डबी बॅटरीला जोडली. शेजारी शेजारी दोन डब्या झाल्या, एक गाडीची, एक देवीची. गाडीच्या डबीत त्याने जाड पात्याचा, सावकाश जळणारा फ्यूज घातला, जुन्या लिंकच्या जागी तोच शोभतो म्हणाला. आधीचा बारीक घातला ही आपली चूक, हेही म्हणाला. भावोजींनी दोन्ही डब्यांना हळद-कुंकू लावलं.

शुक्रवारी जीप एकदाही थांबली नाही. आम्ही इतक्या लवकर पोचलो की सिस्टरच चकित झाली. भावोजींनी खाली येऊन बॉनेट उघडलं. देवीचा फ्यूज गेलेला होता. मधली पट्टी तुटून काळी झाली होती. कुठल्या खड्ड्यात गेला ते आम्हाला कळलंही नव्हतं. डबीत नवे होते. भावोजी डबी हातात घेऊन उभे राहिले, मग झाकण लावून त्यांनी ती सुनंदाच्या पिशवीत परत ठेवली. बदलला नाही.

होळी झाली. पालखी निघायच्या आधी अभयदादा अंगणात आले. सुनंदा ओटीवर पडलेली, मी तिचे पाय चेपत होते.

"सहदेव, पालखी शुक्रवारी आपल्या वाडीत येते. जीप सकाळीच सहाणेवर आण. दिवे तपासून घे."

भावोजी पायरीवर बसून सुपारी कातरत होते. "दादा, देवीचा फ्यूज गेलाय. दिवे लागायचे नाय."

"मग बदल."

"बदलला तरी राहत नाय."

उभ्या गाडीत तो राहिला असता. अंगणातून सहाणेपर्यंत हळू नेली असती तरी राहिला असता. भावोजींना ते माहीत होतं, मलाही. स्टीलची डबी सुनंदाच्या उशाशी होती. अभयदादांनी त्या डबीकडे बघितलं, मग सुनंदाच्या सुजलेल्या पायांकडे. त्यांनाही शुक्रवार म्हणजे काय ते माहीत होतं. ते म्हणाले, "बरं. गॅसबत्त्या काढू," आणि गेले. रागावले की नाही ते पाठीवरून कळलं नाही.

शुक्रवारी पहाटे भावोजी सुनंदाला घेऊन गेले, सोबत लांज्याची तिची बहीण गेली. मी मागे राहिले, कारण पालखी दारात आली आणि दार बंद असलं तर चालत नाही. सुनंदाच्या उंबऱ्यात मी तिच्या नावाने ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. पालखी नाचवताना गुरवाने विचारलं, "घरधनीण खंय?" मी म्हटलं, "रत्नागिरीला." त्याने गाऱ्हाणं घातलं, तिला बरं कर म्हणाला, सगळे होय म्हाराजा म्हणाले. मीही म्हटलं. ढोल पुढच्या घराकडे गेला.

बहिणीला लांज्याला उतरवून ती दोघं परत आली तेव्हा अंगणात गुलाल तसाच होता. सुनंदाला आम्ही गोधडीसकट उतरवली. डोळे न उघडता तिने विचारलं, "येऊन गेली?"

"गेली."

"उजेड होता?"

"दुपारचीच आली गो. ऊन होतं."

ती बरं म्हणाली. भावोजी जीपजवळच राहिले. थोड्या वेळाने बॉनेट वाजलं. मी बघितलं तर ते देवीच्या डबीत नवा फ्यूज घालत होते. बाकाखालच्या टोकाला त्यांनी घरातला छोटा बल्ब लावला, तो पेटला. ते जीपच्या मागे बसून त्या बल्बकडे बघत राहिले, कोणी हाक मारीपर्यंत.

आता तीन दिवस जावं लागतं. मंगळवार, शुक्रवार आणि मधे रविवार. डॉक्टर पुढचं काही सांगत नाहीत, आणि आम्ही विचारत नाही. मी अजून मणी ओढते, पण काय मागायचं ते सुचत नाही, म्हणून नुसतं नाव घेते. रविवारी निघताना भावोजींनी काच पुसली, हात कपाळाला लावला, "चल गो आये" म्हणाले. देवीचा फ्यूज त्यांनी पहाटे बघून घेतला होता, चांगला होता. मोरीजवळ जीप आदळली. खाली कुठेतरी बारीक टक् असं वाजल्यासारखं मला वाटलं. भावोजींचे खांदे किंचित आखडले. सुनंदाने डबी मांडीवर घट्ट धरली.

गाडी थांबली नाही.